सिंप्लिसिओची बाजू

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही माहीत असते. माहीत असते म्हणजे त्याला ते सांगितलेले असते. ‘कशावरून?’ असे विचारले की मूल गप्प बसते, आणि मोठी माणसेही बहुधा गप्पच बसतात. फार तर कोणी म्हणते, दिवस आणि रात्र होतात त्यावरून. पण पृथ्वी स्थिर असती आणि सूर्य तिच्याभोवती चोवीस तासांत एक फेरी मारत असता, तरीही दिवस-रात्र झालीच असती. तेव्हा हा काही पुरावा नव्हे.

आता उलट बाजूने पाहा. पुण्याच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर या वेगाने सरकते. एखाद्या मुलीने मैदानावर जागच्या जागी उडी मारली आणि ती अर्धा सेकंद हवेत राहिली, तर तेवढ्या वेळात मैदान तिच्या पायांखालून २२० मीटर निघून जायला हवे. प्रत्यक्षात ती उडी मारली तिथेच उतरते. यावरून पृथ्वी फिरत नाही असे तिने म्हटले, तर तिचे काय चुकले? आमच्या मते तिने विचार केला, एवढेच. शतकानुशतके शहाण्या माणसांनी हाच विचार करून हाच निष्कर्ष काढला होता. आमची तक्रार अशी, की आपली पाठ्यपुस्तके मुलांना या निष्कर्षापर्यंत पोचण्याची संधीच देत नाहीत. आक्षेप मनात येण्यापूर्वीच उत्तर पाठ झालेले असते.

म्हणूनच एका जुन्या पुस्तकाची चिकित्सा करण्याचे आम्ही ठरवले. हे पुस्तक म्हणजे गॅलिलिओचा दोन विश्वरचनांविषयीचा ‘संवाद’. तो १६३२ साली फ्लॉरेन्समध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओवर खटला झाला, २२ जून १६३३ रोजी त्याला आपले मत मागे घ्यावे लागले आणि उरलेले आयुष्य, म्हणजे १६४२ पर्यंत, नजरकैदेत काढावे लागले. ही हकिगत सर्वांना ठाऊक असते. पुस्तकात काय आहे हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. इंग्रजी वाचू शकणाऱ्या शिक्षकांना स्टिलमन ड्रेक यांचे १९५३ चे भाषांतर उपलब्ध आहे. त्याला आइन्स्टाइनची प्रस्तावना आहे.

पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिले आहे, आणि ते नाटकासारखे आहे. व्हेनिसमधल्या एका वाड्यात तिघेजण चार दिवस बोलत बसतात. साल्व्हियाती गॅलिलिओची मते मांडतो, सॅग्रेडो हा हुशार आणि मोकळ्या मनाचा यजमान, आणि सिंप्लिसिओ अॅरिस्टॉटलचा अनुयायी. पहिले दोघे गॅलिलिओचे खरेखुरे मित्र होते. पुस्तक निघाले तेव्हा दोघेही हयात नव्हते. सिंप्लिसिओचे नाव सहाव्या शतकातल्या एका भाष्यकारावरून घेतले असे सांगितले असले, तरी इटालियन कानाला त्यात ‘भोळसट’ असाही अर्थ ऐकू येतो. पोपचे एक आवडते मत गॅलिलिओने शेवटी याच्याच तोंडी घातले, आणि ते त्याला महाग पडले.

आम्ही हे पुस्तक वाचताना सिंप्लिसिओच्या बाजूने वाचतो, आणि शिक्षकांनीही तसेच वाचावे असे सुचवतो. वर्गातल्या मुलांचे आक्षेप तेच त्याचे आक्षेप आहेत. मनोऱ्यावरून सोडलेला दगड मनोऱ्याच्या पायथ्याशीच का पडतो? पूर्वेकडे उडवलेला तोफगोळा आणि पश्चिमेकडे उडवलेला तोफगोळा सारखेच अंतर का जातात? पक्षी मागे का पडत नाहीत?

पुस्तकाचा दुसरा दिवस या प्रश्नांसाठी आहे, आणि तो सर्वांत सरस उतरला आहे. साल्व्हियाती उत्तर देत नाही. तो सिंप्लिसिओला विचारतो. गुळगुळीत उतारावर गोळा सोडला तर काय होईल? वेग वाढेल. चढावर ढकलला तर? वेग कमी होईल. मग चढही नाही आणि उतारही नाही अशा पृष्ठभागावर? सिंप्लिसिओला स्वतःच म्हणावे लागते, की वेग वाढण्याचे कारण नाही आणि घटण्याचेही नाही. जडत्वाची कल्पना विरोधकाच्याच तोंडून काढून घेतली आहे. यानंतर जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकायचा प्रश्न येतो. चालत्या जहाजावर दगड काठीच्या मागे पडतो असे सिंप्लिसिओने वाचलेले असते. प्रयोग केला आहेस का, असे विचारल्यावर तो नाही म्हणतो. गंमत अशी, की साल्व्हियातीही प्रयोगाचा आधार घेत नाही. दगड पायथ्याशीच पडणार याची प्रयोगाशिवायच खात्री आहे, असे तो सांगतो. प्रयोगाचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो त्याच्या पुस्तकात हे वाचून काही शिक्षक बुचकळ्यात पडतील. हा प्रयोग गासेंदीने १६४० मध्ये मार्सेयजवळ वल्ह्यांच्या वेगवान गलबतावर जाहीरपणे करून दाखवला, आणि दगड काठीच्या पायथ्याशीच पडला.

तुमच्या वर्गात हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. एका मुलाला पळत जाऊन, न थांबता, हातातला चेंडू नुसता सोडायला सांगा. चेंडू कुठे पडेल हे आधी सगळ्यांकडून लिहून घ्या. सोडला तिथेच खाली पडेल, किंवा मागे पडेल, असे लिहिणारी मुले पुष्कळ निघतील. १९८३ मध्ये अमेरिकेत मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने लिहिलेल्या लेखात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचीही हीच गत असल्याचे दिसते. चेंडू मुलाबरोबर पुढे जात जात खाली येतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की उडी मारणाऱ्या मुलीचा प्रश्न निम्मा सुटला. उडी मारण्यापूर्वीच ती ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात होती. पाय उचलले म्हणून तो वेग नाहीसा होत नाही.

आपल्याकडच्या पुस्तकांत याच्या जागी आगगाडीचा दाखला असतो. गाडीतून झाडे मागे पळताना दिसतात तसा सूर्य फिरताना दिसतो. हा दाखला वाईट नाही, आणि आपल्या परंपरेत तो फार जुना आहे. आर्यभटाने ४९९ साली नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे सांगितले. त्याने दिलेल्या संख्यांवरून पृथ्वीच्या एका फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद निघतो, आणि तो आजच्या मूल्याशी जुळतो. पण नावेचा दाखला काय सांगतो? दृश्य असेही समजावता येते, एवढेच. नाव चालते की काठ चालतो हे नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात नेमका मुद्दा काढला, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपली घरटी सापडली नसती. ब्रह्मगुप्तानेही सातव्या शतकात आर्यभटाला हरकत घेतली. या दोघांना परंपरेचे आंधळे पाईक म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. त्यांचा आक्षेप पदार्थविज्ञानाचा होता, आणि नाव-काठाच्या दाखल्यात त्याचे उत्तर नाही. उत्तर द्यायला पक्षी, हवा आणि घरटे यांचा वेग सामायिक असतो ही कल्पना लागते. आर्यभटाने हे गॅलिलिओच्या अकराशे वर्षे आधी सांगितले असे वर्गात सांगून जे तिथेच थांबतात, ते आर्यभटावर आणि वराहमिहिरावर, दोघांवरही अन्याय करतात.

दुसऱ्या दिवसाचे कौतुक इतके पुरे. त्याच दिवसात एक मोठी चूकही आहे. फिरत्या चाकावरचा चिखल उडतो, मग फिरत्या पृथ्वीवरच्या वस्तू का उडत नाहीत? गॅलिलिओने भूमितीचा एक चतुर युक्तिवाद करून असे दाखवायचा प्रयत्न केला, की पृथ्वी कितीही वेगाने फिरली तरी वस्तू उडणार नाहीत. हे खरे नाही. पृथ्वी आजच्या सुमारे सतरा पट वेगाने, म्हणजे दीड तासापेक्षाही थोड्या कमी वेळात एक फेरी मारू लागली, तर विषुववृत्तावरच्या वस्तू जमिनीवर टेकून राहणार नाहीत. आज त्या राहतात, कारण फिरण्यामुळे होणारा परिणाम विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त २८९वा भाग आहे. साठ किलोच्या माणसाला तिथे वजनात जेमतेम दोनशे ग्रॅमची सूट मिळते. सिंप्लिसिओला ही आकडेमोड करून मिळाली असती तर तो कदाचित गप्प बसला असता. त्याला जे उत्तर मिळाले त्याने त्याचे समाधान व्हायला नको होते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. वरचा ‘चढ नाही, उतार नाही’ असा पृष्ठभाग कोणता, ते नीट पाहा. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वत्र सारख्या अंतरावर असलेला, म्हणजेच गोल. या पुस्तकातल्या गॅलिलिओच्या मते आपोआप टिकणारी गती ही वर्तुळाकार गती आहे. सरळ रेषेतील गती टिकते हे देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट मांडले आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा पहिला नियम केला. हा फरक किरकोळ वाटेल, पण आकाशातली सगळी गती त्यावर अवलंबून आहे. वर्तुळात फिरणे हाच ग्रहांचा स्वभाव मानला, की त्यांना वळवायला कोणी लागत नाही आणि गुरुत्वाकर्षणाला काही काम उरत नाही. सरळ जाणे हा स्वभाव मानला, की लगेच प्रश्न येतो, चंद्राला वळवते कोण? चंद्र दर सेकंदाला आपल्या सरळ वाटेपासून पृथ्वीकडे सुमारे १.४ मिलिमीटर खाली येतो. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. गुणोत्तर सुमारे ३६००. आणि चंद्राचे केंद्रापासूनचे अंतर दगडाच्या साठपट. साठाचा वर्ग फळ्यावर मुलांनाच करू द्यावा.

इथे जरा विषयांतर करतो. उपग्रह का पडत नाही याचे उत्तर म्हणून ‘केंद्रापसारी बल आणि गुरुत्वाकर्षण यांचा समतोल होतो’ हे वाक्य अनेक मार्गदर्शिकांत आम्ही वाचले आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने बलांचा खरोखर समतोल झाला, तर उपग्रह सरळ रेषेत निघून जाईल, वळणार नाही. तो वळतो कारण समतोल नाही. उपग्रह सतत पडतच असतो, फक्त आडव्या वेगामुळे जमीन चुकवत राहतो. ‘अवकाशयानात गुरुत्वाकर्षण नसते’ हे त्याच वाक्याचे भावंड. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. यान आणि अंतराळवीर दोघेही बरोबरच पडत असतात, म्हणून एकाला दुसऱ्याचा भार जाणवत नाही. दोन्ही वाक्ये ‘वर्तुळात फिरण्याला वेगळे कारण लागत नाही’ या जुन्या समजुतीची पिल्ले आहेत.

तिसरा दिवस सूर्याभोवतीच्या वार्षिक गतीचा. त्यात १५७२ च्या नव्या ताऱ्याविषयीची लांबलचक आकडेमोड आहे. ती खुशाल गाळावी. शुक्राच्या कलांचा भाग मात्र वाचावा, आणि सावधपणे वाचावा. शुक्र चंद्रासारखा वाढतो-घटतो हे गॅलिलिओने १६१० च्या अखेरीस दुर्बिणीतून पाहिले. टॉलेमीच्या रचनेत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये असल्याने तो पूर्ण बिंबासारखा कधीच दिसणार नाही. तेव्हा टॉलेमी बाद. पण म्हणून कोपर्निकस सिद्ध झाला का? त्या काळी तिसरी रचनाही होती, टायको ब्राहेची. तिच्यात बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन स्थिर पृथ्वीभोवती फिरतो. शुक्राच्या सगळ्या कला तिच्यातही तंतोतंत दिसतात. गॅलिलिओने पुस्तकाला दोन विश्वरचनांचे नाव दिले आणि तिसरी, तीच खरी प्रतिस्पर्धी असताना, बाजूला ठेवली. याला आम्ही वकिली म्हणू. केपलरने १६०९ मध्ये जाहीर केलेल्या लंबवर्तुळांचाही त्याने उपयोग केला नाही. आपली पाठ्यपुस्तके आजही ‘शुक्राच्या कलांमुळे कोपर्निकसचा सिद्धांत सिद्ध झाला’ असे लिहितात, तेव्हा ती चार शतकांपूर्वीच्या वकिलाचाच युक्तिवाद पुढे चालवत असतात.

आता चौथा दिवस. गॅलिलिओला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. पुस्तकाचे नावच त्याला भरती-ओहोटीवरून द्यायचे होते, ते त्याला देऊ दिले नाही. त्याचे म्हणणे असे. पृथ्वीचा पृष्ठभाग स्वतःभोवतीही फिरतो आणि सूर्याभोवतीही जातो. मध्यरात्रीच्या बाजूला हे दोन वेग एकाच दिशेला असतात, त्यांची बेरीज होते. दुपारच्या बाजूला वजाबाकी होते. म्हणजे समुद्राचे पात्र आळीपाळीने वेग घेते आणि मंदावते. व्हेनिसला गोडे पाणी घेऊन येणारा पडाव अचानक मंदावला की त्यातले पाणी पुढे चढते, तसेच समुद्राचे होते. म्हणजे भरती हाच पृथ्वी फिरत असल्याचा पुरावा!

हे वाचताना दुसऱ्या दिवशीचा साल्व्हियाती गेला कुठे, असा प्रश्न पडतो. जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालते आहे की उभे आहे हे कळणार नाही, असे त्यानेच पटवले होते. सरळ, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात एक फिरते चक्र ठेवले आणि त्याच्या काठावर पाण्याचे भांडे ठेवले अशी कल्पना करा. फलाटावरून पाहिले तर भांड्याचा वेग खरोखरच घटकेत गाडीपेक्षा जास्त, घटकेत कमी होतो. तरीही पाणी गाडीमुळे हिंदकळत नाही. चक्राच्या फिरण्यामुळे ते बाहेरच्या बाजूला जरासे चढते, आणि गाडी उभी असतानाही तेवढेच चढले असते. पृथ्वी सूर्याभोवती सरळ जात नाही हे खरे, पण सूर्याची ओढ जमिनीला आणि पाण्याला जवळजवळ सारखीच वळवते, म्हणून तिथेही हिशेब बदलत नाही. ‘जवळजवळ’ या शब्दात जो किंचित फरक उरतो तोच सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचे कारण आहे. चंद्राच्या बाबतीत असा फरक दुपटीहून अधिक पडतो. चंद्र पाण्याला ओढतो असे केपलरने १६०९ मध्येच लिहिले होते. केपलरसारख्या माणसाने असल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा याचे गॅलिलिओला आश्चर्य वाटले. दुरून ओढणारी शक्ती त्याला जादूटोण्यासारखी वाटत असे. पृथ्वीच्या गतीचा यांत्रिक पुरावा मिळवण्याच्या ध्यासाने त्याची दिशाभूल केली, अशा अर्थाचे आइन्स्टाइनने प्रस्तावनेत म्हटले आहे, आणि ते आम्हांला पटते.

पुरावे मिळाले ते नंतर, आणि भलत्याच ठिकाणी. पावसात पळताना छत्री पुढे कलवावी लागते, तशी ताऱ्यांकडे रोखलेली दुर्बीण पृथ्वीच्या वेगामुळे २० विकलांनी कलवावी लागते, हे ब्रॅडलीला १७२८ मध्ये समजले. बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा पराशय मोजला. तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी भरला. सोळा-सतरा किलोमीटरवरून अडीच सेंटिमीटरचे नाणे जेवढे दिसेल तेवढा तो कोन. सिंप्लिसिओच्या पक्षाचे लोक पराशय दाखवा असे म्हणत होते, तेव्हा ते गैरवाजवी मागणी करत नव्हते. तो दाखवणारी साधने यायला दोन शतके लागली. मनोऱ्यावरून टाकलेला दगडही अगदी पायथ्याशी पडत नाहीच. मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा थोडे जास्त वेगाने पूर्वेकडे जाते, म्हणून दगड थोडा पूर्वेला पडतो. आपल्या अक्षांशावर शंभर मीटर उंचीला सुमारे दोन सेंटिमीटर. राइशने १८३१ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणीत १५८ मीटर खोलीला सुमारे २८ मिलिमीटर मोजले. आणि १८५१ मध्ये फुकोने पॅरिसमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला. पुण्यात आयुकाच्या आवारात असा लंबक आहे. त्याच्या झोक्याची दिशा तासाला जेमतेम पावणेपाच अंशांनी वळते, पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. सहल नेली तर मुलांना निदान एक तास तिथे उभे राहू द्यावे.

असे चुकांनी भरलेले पुस्तक शिक्षकाने वाचावे का? आम्ही तर वर्गातच न्यावे म्हणू, निदान दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे निवडक भाग तुमच्या शब्दांत. सिंप्लिसिओची भूमिका वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला द्यावी. हुशार नसलेल्याला ती दिली की नाटक लगेच पडते. त्याला वराहमिहिराचे पक्षी, चाकावरचा चिखल आणि टायकोची रचना आधीच शिकवून ठेवावी, म्हणजे साल्व्हियाती झालेल्या मुलीला घाम फुटेल.

चौथ्या दिवसाचे भाषण झाले की निकाल मात्र मुलांनीच लावायचा. गॅलिलिओच्या हिशेबाने दिवसातून एकच भरती यायला हवी, तीही रोज त्याच वेळेला. दोन भरत्या का येतात याचे कारण त्याने समुद्राच्या पात्राच्या लांबी-खोलीत शोधले. कोकणातल्या मुलाला भरती दोनदा येते, ती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे घरातच माहीत असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते हा हिशेबही आजोबांना येतो. वहीत पंधरा दिवसांच्या वेळा टिपाव्यात, शेजारी त्या दिवशीच्या चंद्राची जागा लिहावी, आणि साल्व्हियातीला उत्तर मागावे. देशावरच्या शाळांना मुंबईच्या भरतीचे कोष्टक मिळवावे लागेल. तेवढी खटपट करावी.